चरबी नुसती बसून राहत नाही

वस्तीतल्या महिला मंडळाच्या बैठकीत आमच्या भगिनी रेशनवर बोलतात, नळाच्या पाण्यावर बोलतात, तुंबलेल्या गटारावर तर तावातावाने बोलतात. एका दुखण्याविषयी मात्र कोणी तोंड उघडत नाही. शिंक आली, खोकला आला, पाण्याचा हंडा उचलला की लघवी निसटते. लागली की मग दम निघत नाही. रात्री तीनतीनदा उठावे लागते. कोणाला सांगावे तर ऐकायला मिळते, "आता वय झालं, चालायचंच." म्हणून बाई कामावर जाताना पाणीच पीत नाही. लग्नकार्याला जाणे टाळते. हा लाजेचा विषय नाही. हा शरीराचा विषय आहे, आणि आज आम्ही त्यावरच लिहिणार आहोत.

मटणाच्या दुकानात बकऱ्याचा गुर्दा तुम्ही पाहिला असेल. पांढऱ्याशुभ्र चरबीत तो गुंडाळलेला असतो. माणसाचेही तसेच आहे. मूत्रपिंडाभोवती चरबी, तिथून खाली उतरणाऱ्या नळीभोवती चरबी आणि मूत्राशयाच्या पिशवीभोवतीही चरबी. ही नळी म्हणजे मूत्रवाहिनी, लांबी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. तिच्या भिंतीत एक प्रकारचा स्नायू असतो. हाताचा स्नायू आपल्या हुकमाने चालतो, हा चालत नाही. तो आपला आपण आकसतो, सैल पडतो आणि थेंबथेंब लघवी खाली ढकलतो. म्हणूनच आपण आडवे झोपलो तरी लघवी पिशवीत पोहोचते. याला अनैच्छिक स्नायू म्हणतात. पिशवीची भिंतही याच स्नायूची. ती भरताना सैल राहिली पाहिजे आणि आपण बसल्यावरच आकसली पाहिजे. वेळेआधी आकसली की घाई होते.

भोवतालची चरबी म्हणजे नुसता कापूस, धक्का लागू नये म्हणून ठेवलेला, असेच शास्त्रज्ञही समजत होते. प्रयोगासाठी रक्तवाहिनी घेतली की चरबी खरवडून फेकून देत. १९९१ साली अमेरिकेतील सोल्टिस आणि कॅसिस या दोन संशोधकांनी उंदराची महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, चरबीसकट तपासली. वाहिनी आवळणारे औषध घातले, तर चरबी असलेली वाहिनी कमी आवळली आणि साफ केलेली जास्त आवळली. पुढे उलगडा झाला की चरबी स्वतः काही द्रव्ये सोडते आणि शेजारच्या स्नायूला शांत ठेवते. डुकराच्या मूत्रवाहिनीवरही प्रयोगशाळेत असेच दिसून आले. भोवतालची चरबी तिथेही स्नायूचे आकसणे कमी करते. म्हणजे चरबी ही शेजारीण आहे, आणि शेजारणीचा परिणाम घरावर होतोच.

मग अडचण कुठे येते? शेजारीण बिघडली की. वजन फार वाढले म्हणजे चरबीच्या पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू पुरत नाही, तिथे सूज धरते. मग शांत करणारी द्रव्ये घटतात आणि सूज वाढवणारी वाढतात. लठ्ठ माणसांच्या लहान रक्तवाहिन्या तपासून २००९ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी दाखवून दिले की, तिथल्या चरबीचा हा शांत करण्याचा गुणच नाहीसा झालेला असतो. जास्त चरबीचा खुराक देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांत मूत्राशय वेळेआधी आकसू लागल्याचेही दिसले आहे. त्यात भर म्हणून पोटाचा भार पिशवीवर सतत पडतो आणि खालचे स्नायू ताणले जातात.

आता थोडा हिशेब मांडू, कारण आम्ही पडलो कारकून. २००९ सालीच अमेरिकेत वजन जास्त असलेल्या आणि लघवी निसटण्याचा त्रास असलेल्या ३३८ स्त्रियांवर एक चाचणी झाली. एका गटाला सहा महिने आहार आणि व्यायामाचा नेमका कार्यक्रम दिला, दुसऱ्याला फक्त माहिती. पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ टक्के उतरले आणि आठवड्यात लघवी निसटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या गटात ते २८ टक्क्यांनी घटले. ८ टक्के म्हणजे किती? ७५ किलोच्या बाईला ६ किलो. सडपातळ होण्याची गरज नाही. सहा किलोत फरक पडतो.

पण वजनाचा दोष बाईच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री उरलेला भात, हा तिने हौसेने निवडलेला आहार नाही. कामावर संडास नाही म्हणून ती पाणी पीत नाही. मुंबईत २०११ साली स्त्रियांनी 'राइट टू पी' ही चळवळ सुरू केली ती उगाच नाही. शिवाय सडपातळ बाईलाही, विशेषतः बाळंतपणांनंतर, हा त्रास होऊ शकतो.

आता घरच्या घरी काय करावे? पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की जळजळ आणि मुतखड्याला आमंत्रण. चहातली साखर आणि तळण कमी करा, भाकरी, डाळ, पालेभाजी वाढवा. रोज अर्धा तास झपाझप चाला. लघवी रोखताना जे स्नायू आत ओढतो ते आवळून सोडायचे, एका वेळी आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. हे बसल्या बसल्या जमते. मात्र लघवी करताना हा व्यायाम करू नये. लघवीत रक्त दिसले, थंडी वाजून ताप आला, लघवी तुंबली किंवा सारखी तहान लागू लागली, तर सरकारी दवाखाना गाठा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. डॉक्टरांसमोर लाजू नका, जे होते ते स्पष्ट सांगा.

आणि शेवटचे बंधूंसाठी. बाईने अर्धा तास चालावे असे वाटत असेल, तर तो अर्धा तास तिला मिळाला पाहिजे. तेवढा वेळ हंडा तुम्ही उचला, भांडी तुम्ही घासा. रात्री ती उठली तर कुरकुरू नका. वस्तीतल्या संडासापर्यंत बॅटरी घेऊन सोबत जा. उद्या सकाळी तिला एकच विचारा, "तुला काही त्रास होतो का गं?" आणि ती सांगू लागली की हसू नका, ऐका.