जुना फ्रेंच डायनिंग "सेट"

"लुई सोळावा शैलीचा अँटिक डायनिंग सेट, टेबल व बारा खुर्च्या" अशी जाहिरात दिसली की माझी शंका "सेट" या शब्दापासूनच सुरू होते.

फ्रान्समध्ये जेवणासाठी वेगळी खोली ही पद्धतच मुळी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. त्याआधी नोकर घोडीवर फळ्या टाकत, वर जमिनीपर्यंत कापड सोडत आणि जेवणं उरकली की सगळं उचलून ठेवत. आपल्याकडे पंगतीचे पाट उचलावेत तसं! लाकूड कुणाला दिसतच नसे, मग त्यावर मेहनत कोण घेणार? महोगनीची मिरवायची टेबलं आली ती 1780च्या आसपास, इंग्रजांचं पाहून.

खुर्च्या मात्र खरंच देखण्या. हर्क्युलेनियम (1738) आणि पाँपेई (1748) इथलं उत्खनन सुरू झालं आणि हळूहळू सगळ्यांनाच प्राचीन रोमचं वेड लागलं. पंधराव्या लुईच्या काळातले बाकदार पाय गेले आणि सरळ, खाली निमुळते, खांबासारख्या उभ्या पन्हळींचे पाय आले. पाय जिथे बैठकीच्या चौकटीला मिळतो तिथे चौकोनी ठोकळा, त्यावर कोरलेलं फूल. मला ते फूल फार आवडतं. जॉर्ज जाकोबसारखे कारागीर चौकटीवर नावाचा ठसा मारत. पॅरिसच्या कारागीर-संघाचा तसा नियमच होता, 1791मध्ये संघ बरखास्त होईपर्यंत.

जानेवारी 1793मध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि ऑगस्टमध्ये व्हर्सायच्या सामानाचा लिलाव सुरू झाला. तो जवळजवळ वर्षभर चालला, 17 हजारांवर लॉट! पुढे 1850-60च्या दशकांत सम्राज्ञी युजेनीला मारी आंत्वानेतचं वेड लागलं आणि याच नमुन्याच्या नकला जोरात निघू लागल्या. बाजारात दिसणारे पूर्ण सेट बहुतेक त्यानंतरचेच.

आमचे एक नातेवाईक (वाचत असतीलच!) प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे अशाच एका सेटमध्ये घालायला निघालेत. माझं मत विचाराल तर नक्कल म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीची चांगली घडवलेली नक्कल असेल तर खुशाल घ्यावी, रोज तिथेच जेवावं, नातवंडांना आमटी सांडू द्यावी. पण पैसे नकलेचे द्यावेत. ठशाला भुलू नये, ठसे खोटेही मारतात. त्यापेक्षा खुर्ची उलटी करून आतलं लाकूड बघावं. यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा दिसल्या की 1780 विसरा. आणि दुकानदार खुर्ची उलटीच करू देत नसेल, तर चहा पिऊन सरळ घरी यावं.