राम दरबाराचा 'कंपनी आणा' : एका अफवेची चिकित्सा

१/ '१८१८ चा राम दरबार आणा, किंमत लाखो रुपये!' अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री त्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांची वाण नाही. मात्र या दाव्याला इतिहासात तिळमात्र आधार नाही. हे नाणे ईस्ट इंडिया कंपनीने कधीच पाडले नाही.

२/ १८१८ मध्ये कंपनीचे साऱ्या हिंदुस्थानात चालणारे एकच नाणे नव्हते. मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांची चलने निराळी होती. मुंबईच्या तांब्याच्या पैशावर तराजू आणि 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द असे. एकसमान चलन आले ते १८३५ च्या कायद्याने. त्या पाव आण्यावर कंपनीचे सिंहयुक्त मानचिन्ह आहे, राम दरबार नाही.

३/ यावर आक्षेप येतो की, कंपनीच्या नाण्यावर विष्णू दिसतो. खरे आहे, पण तो मद्रासच्या सोन्याच्या पगोडावर. दक्षिणेत रूढ असलेल्या नाण्याचे ते अनुकरण होते. त्यावरून राम दरबाराचा आणा सिद्ध होत नाही.

४/ खुद्द नाशिक परिसरात मराठेशाहीच्या उत्तरार्धात काय चालत होते? चांदवडच्या टाकसाळीचा चांदोरी रुपया. त्यावर फारसी लिपीत मोगल बादशहा शाह आलमचे नाव. सत्ता मराठ्यांची, नाव दिल्लीच्या बादशहाचे! अठराव्या शतकाचे राजकारण या एका रुपयात सामावले आहे. बनावट आण्यात असे काय आहे?

५/ राम दरबाराचे तुकडे म्हणजे नंतर कधीतरी बनवलेली टोकने. देवघरात त्यांची पूजा अवश्य व्हावी. श्रद्धेला येथे हरकत नाही, हरकत आहे ती खोट्या सालाला आणि खोट्या किमतीला.

६/ ही अफवा निरुपद्रवीही नाही. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, कमिशन किंवा कर उकळला जातो. याबाबत बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

७/ याहून मोठी हानी खऱ्या नाण्यांची होते. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै हा हिशेब १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धतीने संपवला. (ब्रिटनचा २४० पेन्सचा पौंड तर १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत टिकला.) त्या हिशेबातील ढब्बू पैसा, चवली, युद्धकाळात तांबे वाचवणारा भोकाचा पैसा घरोघरी डब्यांत पडून आहेत. 'लाख मिळत नाहीत' असे कळताच ते मोडीत जातात, किंवा विकण्याच्या आशेने चिंचेने घासून त्यांचा मूळ पृष्ठभाग नष्ट केला जातो.

८/ नाण्याचे मोल कशात असते, हे नाशिक जिल्ह्यानेच जगाला दाखवले. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. क्षहरातांवरील सातवाहनांच्या विजयाचा हा धातूतला पुरावा. ती नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर हे प्रमाण कोणालाच कळले नसते.

९/ म्हणून जुने नाणे हाती आले की 'कितीला जाईल?' हा प्रश्न शेवटी ठेवावा. टाकसाळ कोणती, साल कोणते, ते कोठे व कशासोबत मिळाले, हे आधी लिहून ठेवावे. नाशिकजवळ अंजनेरीला मुद्राशास्त्राची संशोधन संस्था असताना नाण्यांचे ज्ञान तीस सेकंदांच्या चित्रफितीकडून घेण्याचे कारणच काय?