हात बरा झाला, काम मात्र तेच?

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. बाई मूळच्या अमेरिकन. त्यांचे ऋण आम्ही मानतोच. लकवा मारलेल्या माणसाने पुन्हा स्वतःच्या हाताने घास घ्यावा, सदऱ्याची बटणे लावावीत, कामावर जावे, यासाठी झटणारे हे शास्त्र. मात्र १९१७ साली अमेरिकेत संघटित झालेल्या या शास्त्राबरोबर तेथील मध्यमवर्गाची एक समजूतही आली. माणूस आपले काम आपण निवडतो, त्यातून त्याच्या जगण्याला अर्थ येतो. म्हणून तो कामावर परतला की उपचार सफल!

ज्याच्या बापजाद्यांना काम निवडण्याचा अधिकारच नव्हता, त्याचे काय? समजा, गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचा हात मोडला. उपचाराने तो पुन्हा फावडे धरू लागला. कागदावर 'रुग्ण कामावर रुजू' अशी नोंद झाली. हा न्याय झाला काय? जात केवळ कामे वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. या शास्त्रात 'व्यवसाय' म्हणजे आंघोळीपासून अभ्यासापर्यंतची माणसाची सारी कामे. आमच्या समाजाला मात्र 'व्यवसाय' म्हटले की गावाने गळ्यात बांधलेले कामच आठवते.

पाश्चात्त्य देशांतही आता प्रश्न विचारले जात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅन विल्कॉक आणि कॅनडाच्या एलिझाबेथ टाऊनसेंड यांनी 'ऑक्युपेशनल जस्टिस'चा विचार मांडला. २००५ साली क्रोनेनबर्ग आणि पोलार्ड यांनी 'ऑक्युपेशनल अपार्थाइड' हा शब्दच वापरला. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत कायद्याने गोऱ्यांसाठी कामे राखून ठेवली जात. तेथूनच हा शब्द आला. आमच्याकडे असे काम राखून ठेवायला कायद्याचीही गरज पडली नाही. पुढे कॅनडातीलच कॅरन हॅमेल यांनी मूठभर देशांतील कल्पना साऱ्या जगावर लादणे हा वैचारिक साम्राज्यवाद आहे, असे आपल्याच व्यवसायबंधूंना बजावले.

हे आम्हाला मान्य आहे. पण येथे सावध राहिले पाहिजे. वसाहतवादी विचार नको, असे म्हणत आपल्याकडे लगेच 'आपली परंपरा' पुढे केली जाते. कोणाची परंपरा? बलुतेदारीची, येसकरकीची? इंग्रजी पुस्तक मिटून मनुस्मृती उघडायची असेल, तर त्या वसाहतमुक्तीशी आमचा काडीचा संबंध नाही. साहेबाच्या पुस्तकात जात नव्हती, कारण त्याला ती दिसली नाही. येथल्यांना ती दिसते, तरीही ते लिहीत नाहीत. यातला मोठा अपराध कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

हाताने मैला साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना ३० लाख आणि अपंगत्व आलेल्यांना किमान १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला, पूर्ण पुनर्वसनही करण्यास सांगितले. या पुनर्वसनात व्यवसायोपचार तज्ज्ञाचे काम नेमके कोणते? जखमी कामगाराच्या कागदावर 'हे काम पुन्हा देऊ नये, दुसरे द्यावे' असे सहीनिशी लिहिण्याचे धैर्य अभ्यासक्रम त्याला शिकवतो काय? २०२१ च्या कायद्याने या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे. अभ्यासक्रमात जातीचा धडा कधी येणार, याचे उत्तर आम्हाला त्या आयोगाकडून हवे आहे.