पैठणी उलटून बघता, मग अँटिबॉडी का नाही?

पैठणला जाऊन पैठणी घेणारी बाई आधी पदर उलटा करून बघते. हातमागावरची असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरची असेल तर मागे धाग्यांचा गुंता सापडतो. दुकानदार कितीही गोड बोलला तरी ती उलटून बघतेच. तिथून पन्नासेक किलोमीटरवर आमचं छत्रपती संभाजीनगर. इथं मी बायोटेक्नॉलॉजीत पीएचडी करतो. आमच्याकडे चाळीस-चाळीस हजारांची बाटली मागवली जाते आणि ती मात्र कुणी उलटून बघत नाही. माझा राग त्यावर आहे.

त्या बाटलीत असते मोनोक्लोनल अँटिबॉडी. १०० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब. आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिनं असतात. त्यातलं नेमकं एक शोधायचं, तर फक्त त्यालाच जाऊन चिकटेल असं काहीतरी लागतं. अँटिबॉडी ते काम करते. ती चिकटली की रंग किंवा प्रकाश दिसतो आणि आपण म्हणतो, 'सापडलं!' उदाहरणार्थ पी-५३ घ्या. हे प्रथिन पेशीला बेताल वाढू देत नाही. तंबाखू-गुटख्यानं होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात त्याचं जनुक अनेकदा बिघडलेलं असतं. मराठवाड्यात या रोगाची ओळख करून द्यावी लागत नाही.

हे तंत्र १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी शोधलं. उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि सतत वाढत राहणारी कर्करोगाची पेशी यांचा त्यांनी संकर केला. अशा एका संकरित पेशीची वंशावळ वाढवली, की एकाच साच्याची अँटिबॉडी हवी तेवढी काढता येते. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. या मूळ तंत्राचं पेटंट घेतलं गेलं नव्हतं. जगाला जवळपास फुकट मिळालेली ही विद्या आज आपल्यापर्यंत दोन थेंबांच्या भावानं पोहोचते.

भाव जास्त आहे ही तक्रार आहेच, पण ती दुय्यम. खरा प्रश्न असा: ते दोन थेंब सांगितलेल्या प्रथिनालाच चिकटतात का?

स्तनाच्या कर्करोगात महत्त्वाचं मानलं गेलेलं 'इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा' नावाचं प्रथिन १९९६ साली सापडलं. त्यावर शोधनिबंधांचा पाऊस पडला. २०१७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी या प्रथिनासाठीच्या १३ अँटिबॉडी तपासल्या. विश्वासार्ह निघाली फक्त एक. ती वापरून बघितलं, तर स्तनाच्या निरोगी किंवा कर्करोगी पेशींत हे प्रथिन दिसलंच नाही. वीस वर्षं लोक कशाचे फोटो छापत होते?

टोरांटोतल्या एका गटानं स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून एका प्रथिनामागे दोन वर्षं आणि सुमारे पाच लाख डॉलर घालवले. शेवटी कळलं, की विकत आणलेलं किट भलत्याच प्रथिनाला पकडत होतं. आणि २०२३ साली एका आंतरराष्ट्रीय गटानं ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडींची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांचा अंदाज असा, की दर प्रथिनामागे सरासरी १२ शोधनिबंध निकामी अँटिबॉडीवर उभे आहेत. याच कामानंतर कंपन्यांनी नापास झालेल्यांपैकी काही अँटिबॉडी बाजारातून काढल्या, काहींच्या वापराच्या सूचना बदलल्या. म्हणजे तपासलं की फरक पडतो. तपासत नाही, ही आपली अडचण आहे.

आता आपल्या गावात या. ऑर्डर दिल्यावर माझी बाटली अकरा आठवड्यांनी आली, तीही मे महिन्यात. डब्यातला बर्फ पाणी होऊन गेला होता. विक्रेत्यानं बदलून द्यायला नकार दिला. ब्लॉटवर हव्या त्या जागी पुसट पट्टी आणि नको तिथं तीन ठळक पट्ट्या आल्या. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सल्ला दिला, "बाकीच्या कापून टाक, एवढीच लाव." मी ते केलं नाही. पण हा सल्ला सगळीकडे किती सहज दिला जातो, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

यावर तीन उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं, "कंपनीनं तपासलेलीच असते." वर दिलेल्या बहुतेक अँटिबॉडी कंपन्यांच्याच होत्या.

दुसरं, "आपल्याकडे साधनं नाहीत, हे मोठ्या संस्थांनी करावं." अर्धं खरं आहे. जेआरएफची फेलोशिप महिना ३७,००० रुपये. ज्याची एक बाटली महिन्याच्या फेलोशिपपेक्षा महाग, तो दुसरी कुठून आणणार? पण कमी पैसे असणाऱ्यालाच पहिल्या बाटलीची खात्री जास्त हवी. आणि साधी तपासणी तेवढी महाग नसते. एच-१२९९ नावाच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत पी-५३ बनतच नाही. त्या पेशींतही पट्टी दिसली तर तुमची अँटिबॉडी खोटं बोलतेय. संपलं.

तिसरं उत्तर सगळ्यात वाईट. "पीएचडीपुरतं चालतं." कुणाच्या जिवावर चालतं? इथल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात बीड, जालना, परभणीहून माणसं येतात. अशा रुग्णांनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवून दिलेल्या गाठीच्या तुकड्यांवर आपण प्रबंध लिहितो. त्या तुकड्यावर भलतंच प्रथिन रंगवून पदवी घेणं ही त्या माणसाची फसवणूक आहे.

आणि आपल्याला जमत नाही म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूला बघावं. मुंबईच्या हाफकिननं घोड्यांच्या रक्तातून सर्पविषावरची लस काढली, तीही अँटिबॉडीच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं रेबीजवरची मोनोक्लोनल अँटिबॉडी २०१७ साली बाजारात आणली. मानवी प्रथिन कारखान्यात बनवणं तर याच शहराला ठाऊक आहे. वॉखार्टचं इन्सुलिन इथलंच. औषधाची अँटिबॉडी राज्यात बनते आणि संशोधनाच्या दोन थेंबांसाठी आपण परदेशी बाटलीची वाट बघत बसतो, याला गरिबी नाही, बेफिकिरी म्हणतात.

रस्ता माहीत आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९८६ पासून संकरित पेशींची बँक आहे. ती नफ्यासाठी चालत नाही आणि अँटिबॉडी स्वस्तात देते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींची बँक आहे, देशभर तिथून पेशी जातात. तिच्या शेजारी अँटिबॉडीची बँक का नको? २०१५ साली शंभरहून अधिक शास्त्रज्ञांनी मागणी केली, की अँटिबॉडी तिच्या जनुकीय क्रमानं ओळखली जावी. क्रम उघड असेल तर तीच अँटिबॉडी कुठंही, पुन्हा पुन्हा, तशीच बनवता येते. सरकारी पैशातून बनेल तिचा क्रम तरी उघड असलाच पाहिजे.

बँक उभी राहायला वर्षं लागतील. पण एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते, तीही एक रुपया खर्च न करता. ज्या प्रबंधात क्लोनचं नाव, लॉट नंबर आणि न कापलेला पूर्ण ब्लॉट नाही, तो विद्यापीठानं परत पाठवावा. विद्यापीठ करत नसेल तर तुम्ही करा. पीएचडीची मौखिक परीक्षा खुली असते, मागच्या बाकावर जाऊन बसा. स्लाइडवर सुंदर पट्टी दिसली की हात वर करा आणि विचारा, "सर, हे प्रथिन ज्या पेशीत नाहीच, तिथं काय दिसलं?"