ओट्याला हात लावण्यापूर्वी

मानपाडा दोन आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शिळ रस्त्यावर. दोन्हीकडे नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि दोन्हीकडे बिल्डरने ताब्यात दिलेलं स्वयंपाकघर जवळपास सारखंच असतं: काळ्या ग्रॅनाइटचा सरळ ओटा, स्टीलचं उथळ सिंक, ओट्यावर दोनेक फूट टाइल्स, एक ट्यूबलाइट, मोजके प्लग आणि बाजूला ड्राय बाल्कनी. किल्ली हातात पडताच मॉड्युलर किचनवाल्यांचे फोन सुरू होतात. घर घेताना आधीच ओढाताण झालेली असते, त्यात हा लाखांचा खर्च, आणि तो पटवायला एक वाक्य ठरलेलं: "पुढे विकाल तेव्हा किंमत वसूल होईल." या फोनला होकार देण्याआधी थोडं थांबा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

विक्रीच्या किमतीचं आधी बघू. आपल्याकडे घराचा भाव ठरतो तो जागा, चटईक्षेत्र, मजला, पाणी, पार्किंग आणि स्टेशन किती लांब यावर. घोडबंदरच्या मानपाड्याला मेट्रो 4 चं आणि डोंबिवलीच्या मानपाड्याला मेट्रो 12 चं स्थानक आराखड्यात आहे. त्या स्थानकांनी भावात जो फरक पडेल, तो कुठल्याही ट्रॉलीने पडणार नाही. सरकारच्या रेडी रेकनरला तुमचं स्वयंपाकघर दिसत नाही. घर घेणाऱ्याला मात्र ते दिसतं. स्वच्छ, कोरडं, उजेडाचं स्वयंपाकघर असेल तर घर लवकर विकलं जातं आणि घासाघीस कमी होते. भडक रंगाचे चकचकीत शटर्स पुढच्या माणसाला आवडतीलच असं नाही. तो ते काढूनही टाकेल. म्हणून पैसे अशा गोष्टींवर घाला ज्या तुम्हाला रोज उपयोगी पडतील आणि पुढच्यालाही काढाव्या लागणार नाहीत: पाणी, वीज, उजेड, हवा आणि निचरा. शटरचा रंग सगळ्यात शेवटी.

त्याहून आधीची गोष्ट म्हणजे कागद. महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. त्या घरांसाठी लोकांनी आयुष्याची पुंजी ओतली होती. तुमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मंजूर नकाशा काय सांगतो, हे पाहिल्याशिवाय स्वयंपाकघरावर एक रुपयाही खर्च करू नका.

ताबा मिळाल्यावर शक्य असेल तर लाकूडकाम एक पावसाळा पुढे ढकला. खिडकीखालची भिंत ओल धरते का, ड्राय बाल्कनीतून पाणी आत येतं का, वरच्या घराच्या सिंकचा पाइप गळतो का, हे जून ते सप्टेंबर या काळात आपोआप कळतं. आधीच कपाटं ठोकली तर ती ओल फळ्यांमागे दडते आणि बुरशीचा वास येईपर्यंत समजत नाही. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष आढळला आणि तुम्ही तो बिल्डरच्या नजरेस आणला, तर त्याने 30 दिवसांत तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. हा हक्क पुष्कळांना माहीत नसतो, आणि ज्यांना असतो त्यांच्यातलेही काही आधी टाइल्स फोडतात आणि मग तक्रार करतात. अशा वेळी "हे तुमच्या माणसांनीच बिघडवलं" असं उत्तर मिळतं. म्हणून आधी फोटो काढा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. मगच गवंड्याला बोलवा.

भिंत तोडायचा विचार असेल तर जास्तच सावध राहा. अलीकडच्या अनेक टॉवरमध्ये मायवान पद्धतीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंती उभ्या केलेल्या असतात. अशी भिंत इमारतीचा भार पेलते. ती पाडायची नाहीच, पण पाइप-वायरसाठी खोल खाचही मारायची नाही, कारण आतली सळई कापली जाते. वन बीएचकेमध्ये स्वयंपाकघराची खोली करून ओटा ड्राय बाल्कनीत किंवा हॉलच्या कोपऱ्यात हलवण्याची युक्तीही टाळा. खालच्या शेजाऱ्याच्या डोक्यावर तुमचं सांडपाणी येतं आणि पुढे घर विकताना बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन येतो. फरक दिसला तर गिऱ्हाइकाचं कर्ज अडकू शकतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सर्वात आधी, रोज ओट्यापाशी कोण उभं राहतं हे विचारा आणि त्या व्यक्तीला डिझायनरसमोर बसवा. पुष्कळ घरांत पैसे देणारा एक, ठरवणारा दुसरा आणि पाठदुखी सोसणारी तिसरीच, असं होतं. सरळ उभं राहून कोपर दुमडावं. ओटा कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली असावा. पाच फूट उंचीच्या बाईला तो साधारण 32-33 इंचांवर येतो, उंच माणसाला 35-36. बिल्डरचा ग्रॅनाइटचा ओटा चांगल्या स्थितीत असेल आणि उंची जुळत असेल, तर तो तसाच ठेवा. ग्रॅनाइटवर गरम कुकर ठेवला तरी काही होत नाही. क्वार्ट्झ दिसायला सुंदर असतो, पण त्यातल्या रेझिनला गरम भांड्याने डाग पडू शकतो किंवा तडाही जाऊ शकतो.

नवा दगड बसवायचाच ठरला तर तो कारखान्यात पाणी सोडून कापून आणायला सांगा. घरात कोरडा ग्राइंडर फिरतो तेव्हा उडणारी सिलिकाची धूळ कापणाऱ्याच्या फुप्फुसात कायमची बसते. क्वार्ट्झसारख्या कृत्रिम दगडात सिलिका फारच जास्त असते; कामगारांना होणाऱ्या सिलिकोसिसमुळे ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली. आपल्या ओट्यासाठी कुणाचा श्वास जाऊ नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

उजेडाचा खर्च सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात मोठा. बिल्डरचा दिवा छताला किंवा मागच्या भिंतीवर असतो, त्यामुळे भाजी चिरताना आपलीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटाच्या खालच्या कडेला एलईडी पट्टी लावा. विजेचे पॉइंट टाइल्स लावण्याआधीच मोजा: फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, चिमणी, मायक्रोवेव्ह, इंडक्शन. 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढते. ती 6 अँपिअरच्या प्लगवर चालवणं धोक्याचं आहे, तिला 16 अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायर हवी. पॅनेलमध्ये 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. डिशवॉशर आज घ्यायचा नसला तरी सिंकजवळ त्याच्यासाठी नळ, निचरा आणि प्लग ठेवून द्या. नंतर टाइल्स फोडण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

सिंक मात्र बदला. खोल, एकाच भांड्याचं, 304 ग्रेडच्या स्टीलचं सिंक आणि उंच मानेचा फिरता नळ, एवढ्यानेच स्वयंपाकघर नवं वाटायला लागतं. घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरचं पाणी अनेक सोसायट्यांच्या नशिबी येतं. जड पाण्याचे पांढरे डाग चकचकीत नळावर आणि काळ्या दगडावर लगेच उठतात, म्हणून मॅट किंवा ब्रश फिनिश घ्या. टाइल्स चांगल्या असतील तर त्या काढू नका. मधल्या काळवंडलेल्या फटी खरवडून एपॉक्सी ग्राउट भरून घ्या आणि तेच डिझाइन मिळत असेल तर टाइल्स वरच्या कपाटापर्यंत वाढवा.

गॅसच्या बाबतीत तडजोड नको. महानगर गॅसची पाइपलाइन हलवायची असेल तर ते काम कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या आणि मीटर किंवा कॉक बंद कपाटात गाडू नका. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो. सिलिंडरचा गॅस जड, तो खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवी आणि पाइप गॅस असलेल्या स्वयंपाकघरात वरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट हवी. आपल्या रोजच्या फोडण्या पाहता चिमणी डक्टचीच घ्या; डक्ट नसलेली चिमणी उष्णता आणि वाफ घरातच ठेवते. डक्ट जितका आखूड आणि कमी वळणांचा, तितकं बरं.

लाकूडकाम करताना कोटेशनमध्ये नुसतं "वॉटरप्रूफ प्लाय" लिहून चालणार नाही. निदान सिंकखाली आणि ओट्याखाली आयएस 710 ची मरीन प्लाय हवी, असं लिहून घ्या आणि माल आल्यावर फळीवरचा शिक्का बघा. पार्टिकल बोर्ड आपल्या दमट हवेत फुगतो. खालची कपाटं जमिनीपासून चार इंच उंच पायांवर ठेवा, म्हणजे फरशी पुसता येते. सिंकखालच्या कपाटाला मागची फळी नको, म्हणजे गळती दिसते. शटरला फिका, मॅट लॅमिनेट घ्या. ओरखडा पडला तर बदलता येतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपत नाही. ठरवलेल्या रकमेचा दहावा भाग बाजूला ठेवा, कारण भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच. सुताराला आणि गवंड्याला पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या. सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि राडारोडा नाल्यात किंवा खाडीकिनारी टाकू देऊ नका.

शेवटी एक फाइल करा. टाइल्स लागण्याआधी उघड्या भिंतीवरच्या पाइप-वायरींचे टेप धरून काढलेले फोटो, सगळी पक्की बिलं, वॉरंटी कार्डं आणि परवानगीची पत्रं तिच्यात ठेवा. घर विकताना भांडवली नफा मोजताना घरात केलेल्या पक्क्या सुधारणेचा खर्च वजा मागता येतो. सुटी उपकरणं आणि नेहमीची डागडुजी त्यात सहसा धरत नाहीत. काय बसतं ते सीएला विचारा, पण बिल नसेल तर विचारण्यात अर्थच उरत नाही. घर बघायला आलेल्या माणसासमोर ही फाइल ठेवाल, तेव्हा शटरच्या चकाकीपेक्षा तिच्यावर त्याचा विश्वास जास्त बसेल.

मानपाड्यातल्या आणि अशा प्रत्येक नव्या वस्तीतल्या घरमालकांना माझं एवढंच सांगणं आहे. कर्जाचे हप्ते वीस वर्षांचे असतात, स्वयंपाक रोज दोन वेळचा असतो आणि विक्रीचा दिवस कदाचित कधी येणारही नाही. म्हणून खर्च त्या रोजच्या दोन वेळांसाठी करा. ओल, वायर, गॅस आणि ओट्याची उंची आधी बघा, मगच शटरचा रंग निवडा.