मधल्या सुट्टीतला जर्मन धडा

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात हॅम्प्टन नावाचे एक छोटेसे गाव आहे. २५ मे १९२० रोजी तेथील चर्चच्या शाळेत रॉबर्ट मेयर हे मास्तर दहा वर्षांच्या एका मुलाकडून बायबलमधील गोष्टींचे जर्मन पुस्तक वाचून घेत होते. तेवढ्यात कौंटीचा सरकारी वकील वर्गात येऊन उभा राहिला. मास्तरांनी त्याला पाहिले, पण धडा थांबवला नाही. खटला भरला गेला आणि २५ डॉलर दंड झाला. जर्मन वाचन शाळेच्या वेळापत्रकात नव्हते. मधली सुट्टी वाढवून घेऊन त्या अर्ध्या तासात ते बसवलेले होते, म्हणजे निदान कायद्यापुढे 'ही शाळेची वेळ नव्हे' असे म्हणता यावे. राज्याच्या न्यायालयाने ते मानले नाही.

पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरल्यावर हे सारे घडले. नेब्रास्काने १९१९ मध्ये कायदा केला होता, की आठवी पास होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू यांना मात्र या बंदीचा अडथळा नाही, असा अर्थ राज्याच्या न्यायालयाने लावला. थोडक्यात, मेलेल्या भाषेला मुभा आणि घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेला बंदी! मेयर यांचे अपील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द झाला. मुलाला भाषा शिकवण्याचा शिक्षकाचा हक्क आणि ती शिकवून घेण्याचा आईबापांचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

भाषेच्या लढ्याची ही विजयकथा म्हणून सांगितली जाते. तीत खोटे काही नाही, पण तिचा दुसरा भाग आपल्यासारख्या सीमाभागातील वाचकाने अधिक लक्ष देऊन वाचावा असा आहे.

त्या कायद्याची बंदी आठवीपर्यंतच होती. हायस्कुलात जर्मन शिकवायला नेब्रास्कातही मनाई नव्हती. असे असूनही संपूर्ण अमेरिकेत १९१५ साली हायस्कुलातील सुमारे २४ टक्के विद्यार्थी जर्मन शिकत होते, ते प्रमाण १९२२ पर्यंत एक टक्क्याच्याही खाली आले. काही ठिकाणी राज्यांनी बंदी घातली, काही ठिकाणी स्थानिक शाळा मंडळांनी विषयच काढून टाकला. बाकीचे काम लोकलाजेने केले. पालकांनीच मुलांना दुसरा विषय घ्यायला सांगितले. वर्ग गेला तसे त्याच्या आधारावर चालणारे जर्मन मंडळ, त्याचे नाटक, त्याची गाणीही गेली. वर्तमानपत्रांचीही तीच गत. १९१७ च्या कायद्याने परभाषेतील वृत्तपत्रांना सरकार व युद्धाविषयीच्या मजकुराचे इंग्रजी भाषांतर पोस्टमास्तरकडे दाखल करणे भाग पडले. ज्यांना खास परवाना मिळाला तेवढेच त्यातून सुटले. छोट्या पत्राला हा खर्च झेपणार कसा? १९१० च्या सुमारास पाचशेहून अधिक जर्मन पत्रे निघत होती, दहा वर्षांत ती निम्म्याहून कमी झाली. १९२३ चा निकाल आला तेव्हा हक्क परत मिळाला, वाचक मिळाला नाही.

पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांची मंडळे आणि शाळेचे वृत्तपत्र यांवरही खटले झाले. १९८८ च्या हेझलवूड खटल्यात न्यायालय म्हणाले, की वर्गाच्या अभ्यासाचा भाग म्हणून निघणाऱ्या शालेय पत्रातील मजकूर शैक्षणिक कारण असल्यास मुख्याध्यापक काढू शकतो. उलट १९८४ च्या कायद्याने आणि त्यावरील १९९० च्या निकालाने (हा खटलाही नेब्रास्कातलाच, ओमाहा शहरातला) असे ठरले, की सरकारी मदत घेणाऱ्या हायस्कूलने अभ्यासक्रमाबाहेरच्या एका जरी विद्यार्थी मंडळाला शाळेत जमू दिले, तर विषय पसंत नाही म्हणून दुसऱ्याला दार बंद करता येणार नाही. अभ्यासक्रमातले मंडळ कोणते हे सांगताना न्यायालयाने उदाहरण घेतले ते फ्रेंच मंडळाचे: शाळेत फ्रेंच शिकवत असतील तर ते मंडळ अभ्यासक्रमाचाच भाग होय. म्हणजे भाषा शिकवली जात असेल तर मंडळ विषयाच्या पोटात राहते, आणि नसेल तर या कायद्याच्या आश्रयाने एखादी खोली मागू शकते.

आपल्याकडे असा कायदा नाही. घटनेच्या २९ व्या कलमाने भाषा जतन करण्याचा हक्क दिला, ३० व्याने शाळा काढण्याचा. १९५६ साली आलेले ३५० अ कलम मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगते, पण ते प्राथमिक टप्प्यावरच थांबते. हायस्कुलातले वाङ्मय मंडळ, भित्तीपत्रक, हस्तलिखित हे सारे हेडमास्तरांच्या मर्जीवर. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितले, की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि प्राथमिक शाळेवर माध्यम लादता येणार नाही. त्या निकालाचा लाभ घेऊन किती पालक मराठीकडे वळले आणि किती इंग्रजीकडे, हे आपण आपल्याच गल्लीत मोजून पाहावे.

आणखी एक गोष्ट बोचणारी आहे, तरी सांगितली पाहिजे. मेयर खटल्यातही न्यायालयाने इंग्रजी सक्तीची करण्याचा राज्याचा अधिकार नाकारला नव्हता. महाराष्ट्राने गुजराती संस्थांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, तेव्हा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कर्नाटकाने २०१५ मध्ये सर्व शाळांत कन्नड शिकवणे बंधनकारक करणारा कायदा केला, तो याच वाटेने. मुंबईतली सक्ती रास्त आणि खानापुरातली अन्यायाची, असा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही. आपली मागणी कन्नड नको अशी नसून मराठीही हवी अशी असेल, तरच तिला धार येईल.

त्या 'मराठीही'साठी सरकारी आदेश लागतोच असे नाही. पूर्वी आमच्याकडील हायस्कुलांत दर शनिवारी भित्तीपत्रक बदलले जाई. चांगल्या अक्षराची मुलगी संपादक, चित्रे काढणारा एक, आणि बातम्या गावच्याच: तळ्याला आलेले पाणी, एस.टी. न थांबण्याची तक्रार, मिरचीचा भाव. आज त्याच फळ्यावर २७ फेब्रुवारीला एक रंगीत कागद लागतो आणि जूनपर्यंत तोच असतो. शाळेत दैनिक येते, पण ते कार्यालयात राहते, मुलांच्या हाती पडत नाही. रोजचा एक अंक वर्गाबाहेरच्या बाकावर ठेवायला आणि आठवड्यातून अर्धा तास मुलांच्या हाती खडू द्यायला कोणत्या खात्याची मंजुरी लागते, हे शाळा सुधारणा समितीच्या पुढच्या बैठकीत विचारायला हरकत नाही. हॅम्प्टनच्या मास्तरांकडेही अर्धा तासच होता.