'०.४ मिळव आणि मोकळा हो'

घरगुती सीएनसीच्या नादाला लागलेले बरेच जण सॉफ्टवेअरवालेच असतात. आठवडाभर दुसऱ्याच्या कोडमधले जादूचे आकडे बघून चिडायचं आणि शनिवारी आपल्याच मशीनला तसाच एक आकडा चिकटवायचा, अशी गंमत!

समजा, ४ मिमी खोल खाच कोरायला सांगितली आणि मशीनने ४.४ कोरली. यावर ठरलेला सल्ला मिळतो: "झेडच्या ऑफसेटमध्ये ०.४ मिळव आणि मोकळा हो." माझं मत विचाराल तर असं अजिबात करू नये. कारण एका खाचेवरून चूक किती ते कळतं, कुठली ते कळत नाही.

एमडीएफचा एक टाकाऊ तुकडा घ्या. शून्य एकदाच लावा आणि शेजारी-शेजारी १, २ आणि ४ मिमीच्या तीन खाचा कोरा. मग व्हर्नियरने खोली मोजा.

१.४, २.४, ४.४ आलं? चूक सगळीकडे सारखी, म्हणजे शून्यच चुकीच्या जागी लागलंय. टच प्लेट मोजा. सॉफ्टवेअरमध्ये जाडी १५ मिमी लिहिलीय आणि प्लेट प्रत्यक्षात १४.६ ची असेल, तर बरोब्बर ०.४ जास्त खोल जातं.

१.१, २.२, ४.४ आलं? मग चूक खोलीबरोबर वाढतेय. दर मिमीला किती स्टेप्स, हा आकडा तपासा. ग्रबलमध्ये झेडसाठी तो $१०२ मध्ये असतो. २०० स्टेप्सची मोटर, १/८ मायक्रोस्टेपिंग आणि एका फेऱ्यात २ मिमी सरकणारा स्क्रू असेल तर तिथे ८०० हवं.

तिन्ही खाचा बरोबर, पण लांबलचक कामात शेवटी खोली बिघडते? मोटर स्टेप्स चुकतेय किंवा कॉलेटमध्ये बिट सरकतंय.

आता बघा, ४ मिमीची एकच खाच मोजली असती तर पहिल्या दोन्ही प्रकारांत ४.४ च दिसलं असतं. दुसऱ्या प्रकारात ०.४ मिळवलंत की ४ मिमी झकास, पण १ मिमीची खाच ०.७ च्या आसपास!

"अरे, मला नुसती दारावरची पाटी कोरायचीय, एवढी मोजणी कशाला?" मान्य. पाटीचं चालून जाईल. पण उद्या त्याच मशीनवर पीसीबी कोराल. ६० अंशाचं व्ही-बिट ०.१ मिमी जास्त खोल गेलं तर खाच साधारण ०.११५ मिमी रुंद होते, आणि दोन खाचांमधली ०.३ ची तांब्याची रेघ ०.२ च्याही खाली येते. शिवाय चिकटवलेला आकडा विसरला जातो. पुढे कधीतरी प्लेटची जाडी नीट भरलीत की तेच मशीन ०.४ कमी खोल कोरायला लागतं, आणि मग बसा शोधत!

थोडक्यात काय, तर ऑफसेटच्या रकान्यात मोजलेला आकडाच जावा. तीन खाचा कोरायला दहा मिनिटं पुरतात. तेवढा वेळ तर चहा उकळायलाही लागतो :)